चौथ्या दुकानाची बोहनी

हॅलो?… मी कोकिळाच, दुसरं कोण उचलणार! सकाळपासून नऊदा फोन लावला, आत्ता आठवण झाली का बायकोची?

हो, उघडलं दुकान. तुकईथड गावचं, ट्रॅक्टरच्या पार्टांचं आपलं चौथं! फीत सूनबाईनं कापली. जो येतो तो विचारतो, शालिग्रामशेठ कुठायत? मी म्हटलं, पोट बिघडलंय… मग काय सांगू? पोरावर रुसून बुऱ्हाणपुरात बसलेत म्हणून?

हो, हो… ललित काय बोलला ते ऐकलंय मी. ‘पप्पा, ते कबाड नव्या दुकानात नको.’ चुकलाच तो. गिऱ्हाइकांचे झिजलेले पार्ट ओवून ओवून तीस वर्षांत केलेली तुमची तार… अहो, मला काय सांगता? एकेका पार्टाला नंबराची चिठ्ठी मीच बांधलीय ना!

भांडण नंतर करा, आधी ऐका तर! पहिलंच गिऱ्हाईक खोळंबलंय. उखर्डूभाऊ. केळीच्या बागेतून सरळ आलेत, हातात ट्रॅक्टरची पितळी बुश, ते कड्यासारखं असतं ना, ती. नंबर पार घासून गेलाय, आणि ललितचा कंप्युटर नंबरच मागतोय… हसता काय! बोहनीचा माणूस रिकाम्या हातानं गेला तर?

थांबा, बघते… हो, एका बाजूला कान आहे. भोक? एकच… आतून तिरकी झिजलीय, अगदी बरोबर! न बघता कसं हो कळतं?… तशीच तारेवर आहे? वाचा, वाचा चिठ्ठी. ललित, लिही! चार, शून्य, सात… सातच आहे तो, माझं अक्षर मला माहीत… निघालं! अहो, कंप्युटर म्हणतो तीन नग आहेत, मागच्या रॅकमध्ये! घ्या उखर्डूभाऊ, पेढा घ्या!

पण काय हो, तार तर तिकडे बुऱ्हाणपूरच्या दुकानात छताला आहे. त्या गुडघ्यानं शिडी चढलात?… उतरवली? कशाला?… आणि ही सनई? आमच्या दारातलीच सनई तुमच्या फोनात कशी वाजतेय?… समोरच्या टपरीवर! केव्हापासून?… पहिल्या बसनं? म्हणजे फीत कापताना तिथूनच बघत होतात? कमाल आहे बाई तुमची! मांडीवर तार घेऊन चहा पीत बसलायत, आणि मी इथं डोळे पुसतेय…

नाही, नाही, उठू नका. ललित येतोय तुम्हाला आणायला… अहो, मी नाही पाठवला, आपणहून निघाला. खिळा आणि हातोडी घेतलीय. म्हणतोय, तारेसाठी काउंटरच्या वर कुठे ठोकू ते पप्पांनाच दाखवू दे… ठेवा आता फोन, या लवकर!