जास्तीचे नाणे

मी, क्रांती रावसाहेब शेजवळ, वय ३६ वर्षे, धंदा नोकरी, राहणार सानपाडा, नवी मुंबई, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

मी खाडीकाठ वस्तुसंग्रहालयात नोकरीस असून काचेच्या कपाटांच्या चाव्या माझ्याकडे असतात. एका कपाटात एकच नाणे होते. स्पेनचे, जुने, चांदीचे, एका बाजूस राजाचा चेहरा. आता तिथे दोन आहेत. अस्सल नाणे पळवण्यासाठी मी नकली आणून ठेवले, असा संग्रहालयप्रमुख आशुतोष सर यांचा आरोप असून मला कामावरून थांबवले आहे. घर माझ्याच पगारावर चालते. मी नाणे आणलेले नाही.

मूळ नाणे शिरवण्याचे धनाजी मढवी यांनी दिले. त्यांच्या आजोबांना ते मिठागरात सापडले होते. धनाजींचे वडील खाडीत बुडून वारले, तेव्हा त्यांच्या नावाचा चांदीचा टाक घडवून देव्हाऱ्यात पुजायची ऐपत नव्हती. म्हणून घरच्यांनी हेच नाणे टाक म्हणून बसवले. पुढे धनाजी सीवूड्सला फ्लॅटमध्ये गेले आणि नाणे आमच्या संग्रहालयात आले.

त्यांची आई रंगूबाई दर गुरुवारी येत आणि काचेसमोर बसून नवऱ्याशी बोलत. आमच्या घरी देव्हारा नाही, मी असले काही मानत नाही. तरी म्हातारीला खुर्ची देत असे. शेवटच्या खेपेस त्या म्हणाल्या, "बाय, त्याला एकल्याला कोंडलाय. मी मेली का मना पन त्याचे बाजूला बसव." मी म्हणाले, "आजी, टेन्शन नका घेऊ, बसवते." त्यांचे मन राखायला म्हणाले.

गेल्या महिन्यात त्या वारल्या. त्यांचे दिवसकार्य झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दालन उघडले, तर काचेत दुसरे नाणे होते. कुलूप आणि सील शाबूत होते. नाणे हुबेहूब तसेच, फक्त राजाच्या नाकाशी नथीसाठी टोचावे तसे बारीक भोक होते. मी लगेच सरांना बोलावले.

सरांनी दुसरे नाणे स्वतःच्या तिजोरीत ठेवले. चावी त्यांच्याच खिशात होती. सकाळी दोन्ही नाणी पुन्हा काचेत, एकमेकांना टेकून होती. सर म्हणाले, "तू डुप्लिकेट चावी बनवलीस." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चोर वस्तू नेतो, आणून ठेवत नाही, एवढा तरी विचार व्हावा.

धनाजींना बोलावून नाणी दाखवली. त्यांनी भोकाचे नाणे उचलून बघितले. मग म्हणाले, "आयचा टाक मी केलाच नाय. फ्लॅटमदी ठेवनार कुठं?" आणि फरशीवर बसून रडू लागले. त्यांना पाणी मी दिले.

आता एक नाणे तपासणीसाठी प्रयोगशाळेत जाणार आणि दुसरे ठाण्यात राहणार, असे मला समजले. माझी विनंती आहे की दोन्ही एकाच पाकिटात, एकाच ठिकाणी ठेवावीत. हे बोलून माझ्यावरचा संशय वाढणार, एवढे मला कळते. मी अजूनही यातले काही मानत नाही. पण म्हातारीला हो मी म्हटले होते.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. पाकिटाची गोष्ट गाळू का, असे जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी आपुलकीने विचारले. गाळू नये. सर्व मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.