वसंत मिस्त्रीचा हात डायनमोवर

मी इंदू, मूळची रोह्याजवळच्या निडीची, आन सासर पेण. आमचे आबा रोह्याला मोटारी आन पंपांची वायंडिंग करायचे, जळलेली तार उकलायची आन नवी भरायची, आन मी त्यांच्या बाजूला बसून तार हातात घेतली ती अशी की आई म्हणायची गो, पोरीला भाकरी थापायला शिकवा कोणीतरी, ही तारच थापते. आबा म्हणायचे थापू दे, तिचा हात हलत नाय. तर तसा माजा हात, काय सांगू तुमाला, आन त्याच हातावर त्या मेल्यानं बोट ठेवलं. मी विसरले नाय. लोक म्हणतात इंदूबाय, झालं गेलं गंगेला मिळालं. नाय मिळालं, इथंच हाय, माज्या छातीत हाय.

लग्नानंतर आमचे हे कंपनीत शिफ्टवर आन मी घरात ओट्यावर आर्मेचरं बांधायची. आर्मेचर म्हंजे डायनमोच्या पोटातला फिरता गाभा, त्याच्यावर तांब्याची तार असते. गाडी चालताना तो फिरतो आन बॅटरी भरते. पेणच्या स्टँडमागे वसंत मिस्त्रीचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. तो डायनमो खोलणार, आर्मेचर माज्याकडं धाडणार, मी बांधून देणार, तो बसवणार. गाडी मला कधी दिसलीच नाय. वरसानुवरसं असं, आन गिऱ्हाईकाला वाटायचं सगळं मिस्त्रीच करतो, आन मला त्याचं काय नाय, काम चाललं ना, मंग बास. माणूस नरम असतो तवा असाच फसतो.

आमच्या आळीत बेन्यामिनकाका होते, ज्यू, पण बोलणं आपल्यासारखंच, अळूचं फदफदं आमच्यापेक्षा बरं करायचे. त्यांची बाकी माणसं केव्हाच इस्रायलला गेली, हे आन रोह्याला त्यांची म्हातारी बहीण, एवढीच मागं राहिली. काकांकडं बापाची गाडी, गोल पाठीची काळी विलायती, पुढचा दिवा बेडकाच्या डोळ्यासारखा. दर रविवारी सकाळी त्या गाडीनं रोह्याला बहिणीकडं जायचे. आन शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी तारे दिसेपर्यंत गाडीला हात लावायचे नाय, बटण दाबायचे नाय, चूल पेटवायचे नाय. अख्ख्या आळीला ठाऊक, की शनिवारी काकांची गाडी म्हंजे दगड.

तर त्या गाडीचं आर्मेचर आलं, मी बांधलं. महिन्याभरात परत जळून आलं. परत बांधलं, परत जळलं. तवा मिस्त्री माज्या ओट्यासमोर उभा राहून, तिथं टॅक्सीवाले चार-पाच जण होते, मोठ्यानं बोलला, बाईचं काम हे असंच, हिला तार भरता येत नाय, हिच्यापायी माजं नाव खराब झालं, आजपासून हिच्याकडं कोणी काम देऊ नका. आन मंग खरंच कोणी आलं नाय. पंखेसुद्धा आले नाय. पावसाच्या अख्ख्या हंगामात माज्या ओट्यावर एक मोटार नाय. आबा जिवंत असते तर त्यांनी मिस्त्रीच्या कानाखाली वाजवली असती, पण आबा नव्हते, आन आमचे हे म्हणाले सोड, आपण दुसरं काय तरी बघू. दुसरं काय बघू, मला दुसरं येतंय काय.

मी ते जळलेलं आर्मेचर घेऊन बसले. बघा, माजी तार वाईट बसली असती तर एकाच खाचेतले वेढे जळाले असते. हे तर सगळीकडून सारखं भाजलेलं, आन जोडाचा कथलाचा डाख उन्हातल्या लोण्यासारखा वितळून चारी बाजूंनी उडालेला. म्हंजे तारेचा दोष नाय, त्याच्यातून कोणीतरी जास्तीची वीज ओढून घेतली. मी काकांकडं गेले, विचारलं, बॅटरी कधी बसते. म्हणाले रविवारी, नेमकी रविवारी, रोह्याला जायच्या वेळी. रोज चालते तवा चालते. आन बॅटरीत पाणी सारखं घालावं लागतं, उकळी आल्यासारखं आटतं. मी तिथंच समजले. चालताना जास्त भरतेय, आन उभी असताना रिकामी होतेय. एक रात्र उभी राहिली तर जमतं, पण अख्खा दिवस अख्खी रात्र उभी राहिली की संपली. म्हंजे गाडी बंद असतानासुद्धा कुठल्या तरी वायरीतून वीज वाहते.

तवाच बॉनेट उघडून बघितलं असतं तर वायर सापडली असती, हे मला ठाऊक होतं. पण मी उघडलं नाय. मी उघडलं असतं आन वायर दाखवली असती, तर तो म्हणाला असता हिनंच जोडली. चोराच्या उलट्या बोंबा असतात, आपण काय आज जन्मलो. म्हणून मी गप्प राहिले. काकांना म्हटलं, मिस्त्रीला सांगा शेवटचं एकदा बसवा, आर्मेचर मी बांधते, त्यांनीच बसवायचं, शुक्रवारी दुपारी, आन मंग तुमी बॉनेट बंद करा. माजा हात त्या तारेवर असा फिरत होता, मी तुमाला खोटं सांगत नाय, मी मनातल्या मनात एकेका वेढ्याला त्याचं नाव घेत होते.

शनिवारी दिवस मावळायला मी त्या टॅक्सीवाल्यांना काकांच्या दारात बोलावलं, ज्यांच्यासमोर तो मला बोलला होता, त्यांनाच. मिस्त्रीलाही निरोप धाडला, की काकांची गाडी परत बिघडली, या आन बघा बाईचं काम. तो आला, हसत आला. काका ओट्यावर बसून आकाशाकडं बघत होते. तीन तारे दिसले तसे उठले, म्हणाले आता उघडा. कालपासून कोणी हात लावला काय गाडीला, मी विचारलं. सगळे म्हणाले, काकांच्या गाडीला, शनिवारी, कोण लावणार.

मी म्हटलं मिस्त्री, तुमीच उघडा, आन तुमीच डायनमोवर हात ठेवा. त्यानं ठेवला. मंग तो हसायचा थांबला. कोमट होता हो डायनमो, एक दिवस एक रात्र थंड पडलेल्या गाडीचा डायनमो कोमट. एकेका टॅक्सीवाल्यानं हात लावून बघितला. मी म्हटलं आता ती वायर काढा, कटआउटला बगल देऊन बॅटरीतनं सरळ डायनमोला नेलीय ती. कटआउट म्हंजे डायनमो आन बॅटरीमधली डबी, किती वीज जायची आन गाडी थांबली की कवा तोडायची ते ती बघते. त्यानं काढली तशी बारीक ठिणगी उडाली. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

मंग कबूल झाला. या गाडीचा जुना कटआउट कुठं मिळत नव्हता, काटा चार्जिंग दाखवेना, म्हणून त्यानं डायनमोच्या चुंबकाच्या वायरीला बॅटरीची वीज थेट दिली. टॅक्सीला असंच करायचा तो. टॅक्सी कधी उभी राहते, दिवसभर धावते, रात्री दोन-चार तास थांबते, बॅटरी पार रिकामी होत नाय, आर्मेचरवर एवढा ताण येत नाय, कोणाला कळलंच नाय. अख्खा दिवस विसावा घेणारी एकच गाडी पेणमध्ये, आन तिथं तो सापडला. मला बाजूला घेऊन म्हणाला, इंदूताय, यांच्यासमोर नको, मी तुमाला काम देतो. मी मोठ्यानं म्हटलं, यांच्यासमोरच बोललात, यांच्यासमोरच परत घ्या. आन घेतलं त्यानं. मान खाली घालून घेतलं.

काका नंतर माज्यावर रागावले. म्हणाले, इंदू, तुला आधीच कळलं होतं, तर मला का बोलली नायस, बॅटरी परत बसली, उद्याचा रविवार माजा गेला, माजी बहीण दारात वाट बघत बसणार. तेवढं माजं चुकलं, मी पाया पडले त्यांच्या. पण मिस्त्रीचं, नाय, तिथं मी चुकले नाय. काका म्हणाले आता सोडून दे. मी म्हटलं तुमाला सुट्टीचा दिवस हाय काका, माज्या रागाला नाय.

आता परत सगळं काम माज्याकडं येतं. मिस्त्री म्हातारा झाला, गुडघे गेले, मुलाला धाडतो म्हणतो. मी मुलाच्या हातचं घेत नाय. आर्मेचर आणायचं तर स्वतः यायचं, ओट्यावर बसायचं, मी बांधून होईपर्यंत बसायचं, चहा देते मी, पाणी देते, पण बसायचं. येणारे-जाणारे बघतात. तो माज्या हाताकडं बघत बसतो, तार फिरते. देव त्याला शंभर वरसं आयुष्य देवो, मी रोज सकाळी दिवा लावताना हेच मागते, अजून लय आर्मेचरं जळायची हायत.