सेव्हनमधला नी

परीक्षेची भीती वाटते म्हणता ना ताई, तर माझं ऐका. मी मूळची नायगावकडची. घरी शेती, बाबा गावच्या भजनात पेटी वाजवायचे, त्यांच्या शेजारी बसून मी भी शिकले. गिटार नांदेडला कॉलेजात आल्यावर हाती आली, हॉस्टेलातल्या एका पोरीची, मोबाईलवर बघून बघून बोटं सोलून घेतली. मग लातूरच्या सलीमचाचांच्या ऑर्केस्ट्रात लग्नाच्या सीझनला वाजवायचं ठरलं, त्याच्या पैशावरच माझ्या शेवटच्या वर्षाची फी निघणार होती, पण चाचा म्हणाले एक प्रोग्राम बघतो, जमलं तर ठेवतो, न्हाई तर हैदराबादचा गिटारवाला तयार हाय.

काय सांगू तुम्हाला, दुपारी तालीम, संध्याकाळी प्रोग्राम, आणि गाणाऱ्या नसरीन आपांच्या गाण्यात ए मायनर सेव्हन नावाचा कॉर्ड, म्हणजे मायनरच्या सुरांत आणखी सातवा सूर. मायनर मला येत होता, सेव्हन कधी वाजवला नव्हता, पण विचारायची लाज वाटली. मी आपलं पेटीसारखं मोजलं, ए ला सा धरला, सातवा सूर नी, आणि आमच्या भजनात नुसतं नी म्हटलं की शुद्ध नी, म्हणून तिसऱ्या तारेवरचं बोट एक घर मागं सरकवलं. असं कचकन वाजलं की आपा गाता गाता थांबल्या. कीबोर्डवाला अन्वर म्हणतो, काय वाजवून राहिली माय, दात आंबले की. सगळे हसले. चाचा हसले न्हाईत, त्यांनी हैदराबादला फोन लावायला खिशातून मोबाईल काढला.

आपा चाचांना म्हणाल्या थांबा ना भाई, आणि मला म्हणाल्या, बेटा, सातवा कोणता धरलास? मी म्हटलं नी. कोणता नी? म्हटलं शुद्ध. आपा म्हणाल्या, अगं, मायनरमधी ग कोमल हाय ना, मग सेव्हनचा नी भी कोमलच घे. हळूच गाऊन दाखवलं, सा, कोमल ग, प, कोमल नी. मी शोधत शोधत ते बोटच उचललं, तर सूर तिथंच, मोकळ्या तारेत. नुसता मायनर रडतो, हा नी आला की रडून झाल्यावर माणूस गप बसतो ना, तसं वाटलं. चाचा म्हणाले, स्टेजवर बघू. मोबाईल हातातच होता.

स्टेजवर तो कॉर्ड आला की माझी नजर बोटावर, उचललं का, शेजारच्या तारेला लागलं तर न्हाई ना, पुन्हा मायनर, पुन्हा उचल, गाणं काही संपेना. संपलं तेव्हा चाचा वायर गुंडाळत, माझ्याकडं न बघताच म्हणाले, परवा उदगीर हाय, लवकर ये.

तेव्हापासून चाचांच्याच ऑर्केस्ट्रात हाय. चुकायची भीती अजून लागते, ती जाईल असं वाटत न्हाई, ऱ्हाऊ द्या. तुमची भी परीक्षा हाय म्हणता, ताई, चांगली जाऊ द्या. निघते आता, खाली चाचा हॉर्न वाजवून राहिले.