वावरावरची हवा

दवाखान्यातल्या बाकड्यावर रुपीबाई बसली होती. नवरा आत, पिकावर औषध फवारताना पडलेला. शेजारी बसलेल्या नागोरावांचा पोरगा रोशनही तसाच. त्यांची लेक साधना पुण्याहून नुकतीच पोचली होती.

"बाबा, औषध कोणतं होतं?"

"चार-पाच औषधं एकाच ड्रमात कालवली, पोरी. डबे नाल्यात फेकले."

"काहून?"

"जोर यावा म्हून. सारेच कालवतात."

साधना पुण्यात दूरच्या ग्रहांचा अभ्यास करायची. नागोराव तिच्याकडे वळले.

"तू तं दूरच्या ग्रहावरची हवा वळखतं म्हणे."

"तिच्यातून ताऱ्याचा उजेड येते, बाबा. त्याच्यावरून हवेत काय हाय ते समजते."

"आपल्या वावरावरच्या हवेतूनबी ऊन येते न?"

"येते. पण पाहणारा लय दूर पाहिजे."

"आन् जवळून?"

नर्स दारात आली. "समजलं का कोणतं औषध?"

नागोरावांनी मान खाली घातली. रुपीबाईनंही; तिच्या नवऱ्यानंही तसंच कालवलं होतं.