तेलच तर घालायचंय!

...नाही नाही, तुम्हीच सांगा, जुन्या जीपच्या इंजिनात तेल घालायचं, यात चार माणसांना विचारण्यासारखं काय आहे? पण मी विचारलं! तिथंच गाडं अडलं. तुम्हाला सांगतो, माझं लग्न ठरताना मुलीच्या बापानं मला दोन प्रश्न विचारले, नोकरी कुठं आणि चहा घेणार का, संपलं! आणि तोच बाप, म्हणजे आमचे सासरे, इंजिन ऑइल म्हटल्याबरोबर वरच्या मजल्यावरून जिना उतरत, "जावईबापू, घाई करू नका, हा आयुष्याचा प्रश्न आहे!" अहो, तेलच तर घालायचंय!

बरं, प्रसंग बाका होता हे खरं. बायकोनं निर्वाणीचं सांगून टाकलेलं, "अहो, रविवारी ही जीप आपल्या सगळ्यांना घेऊन खाणीमागची टेकडी चढली, तर ठेवा. नाही चढली, तर दातांच्या डॉक्टरांना देऊन टाका, ते कधीचे मागतायत." आणि ते डॉक्टर! समोरच राहतात. जीपकडे बघतात ना, तेच मुळी किडक्या दाढेकडे बघितल्यासारखं... ही आज ना उद्या आपल्याच हातात येणार! माझा जीव आहे हो त्या जीपवर. दार लाथ घातल्याशिवाय लागत नाही, हॉर्न फक्त डावीकडे वळताना वाजतो, पण प्रेम आहे ते आहे, त्याला काय करणार? म्हटलं, नवं तेल, नवे फिल्टर, चढेल बिचारी. तेलच तर घालायचंय!

गेलो दुकानात. दुकानदारानं चष्मा कपाळावर सरकवला. "गाडी धुळीत जाणार की चिखलात?" म्हटलं, दोन्हीत. "पाण्यात?" म्हटलं, गुडघाभर. "आणि ओझं?" म्हटलं, सासरची माणसं. तर गृहस्थ एकदम गंभीर! "मग विचार करून घ्या साहेब. पातळ तेल सकाळी पटकन फिरतं, जाड तेल चढणीला टिकतं, आणि मधलं दोन्ही करतं पण..." पण काय? तर नुसता सुस्कारा! मग एअर फिल्टर. कागदाचा धूळ छान अडवतो, पण भिजला की गेला. फोमचा धुता येतो, पण धुवा, वाळवा, वर तेल चोळा... अहो, मी स्वतःच्या डोक्याला तेल चोळत नाही! घेतलं मधलं तेल, घेतला कागदाचा एअर फिल्टर, घेतला ऑइल फिल्टर आणि सुटलो.

घरी आलो तर मेहुणा दारातच. दिवसभर मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो, लायसन्स अजून नाही. "भावोजी, मधलं? आजकाल कुणी घालतं का हे? सिंथेटिक घाला, इंजिन लोण्यासारखं पळेल!" सासरे म्हणाले, "लोणी बिणी काही नाही. मी हयातभर ट्रक हाकला. तेल कसं हवं? बोटावरून खाली पडायला त्याला लाज वाटली पाहिजे!" मी म्हटलं, मी आणलंय ते घालणार. तर दोघंही म्हणाले, "बरं, तुमचं खरं."

इथं मी सावध व्हायला हवं होतं! कारण आमच्या घरात कुणी कुणाशी वाद घालत नाही. "बरं, तुमचं खरं" म्हणायचं आणि मग गुपचूप आपलंच करायचं. आमच्याकडे भाजीत मीठ चार जण घालतात, एकमेकांना न दुखावता!

मी शनिवारी जुनं तेल काढलं, फिल्टर बदलले, मापात तेल घातलं, तेल मोजायची दांडी काढून बघितली, अगदी खुणेला खूण. काय तो आनंद!

रविवारी निघालो. मागून डॉक्टर त्यांच्या गाडीतून, जीप ताब्यात घ्यायला आल्यासारखे हसतमुख. अर्धी टेकडी चढलो आणि सायलेन्सरमधून जो धूर सुटला... निळा, पांढरा, पुन्हा निळा! टेकडी दिसेना, डॉक्टर दिसेनात, नुसता त्यांचा खोकला! जीपनं एक उचकी दिली आणि बंद. गेली म्हटलं, गेली माझी जीप!

मेकॅनिकला फोन केला. तो स्कूटरवरून आला, दांडी ओढली, बघतो तर तेल खुणेच्या कुठल्या कुठं वर. मला म्हणतो, "साहेब, इंजिनात तेल आहे की तेलात इंजिन?" एअर फिल्टर उघडला, तर कागदाच्या फिल्टरवर फोमचा फिल्टर कोंबलेला! एकावर एक दोन स्वेटर घालून हिला डोंगर चढायला लावलेलं!

मी मागं वळलो. सासरे आभाळाकडे बघतायत. "जाड होतं... लिटरभरच." मेहुणा बुटाकडे बघतोय. "भावोजी, सिंथेटिक पण लिटरभरच... आणि तो फोम." अरे, तेलच तर घालायचं होतं, आंघोळ नव्हती घालायची!

तेवढ्यात धुरातून डॉक्टर आले, डोळे पुसत. जीपच्या चारी बाजूंनी फिरले, वाकून बघितलं आणि हात जोडले. "नको हो. हिचं रूट कॅनॉलसुद्धा होणार नाही." आणि गाडी वळवून घरी! मी असा सुखावलो म्हणून सांगू!

मेकॅनिकनं जास्तीचं तेल काढलं, फोम उपटला आणि जीप चढली हो! कुरकुरत का होईना, पार वर गेली! वर बायको हळूच जवळ आली. म्हणाली, "अहो, रागवू नका. तुमच्या डब्यात उरलेलं थोडं मीही घातलं होतं." मी म्हटलं, तू? तुला तर ती देऊन टाकायची होती! तर म्हणते, "हो, पण बंद पडली असती तर तुमचं तोंड बघवलं नसतं मला." आता या बाईवर चिडायचं कसं, सांगा! डोळेच भरून आले माझे.

पण म्हटलं, पुरे. यापुढं या इंजिनाला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही! दुसऱ्याच दिवशी तेलाच्या झाकणाला कुलूप ठोकलं. सगळे म्हणाले, "बरं, तुमचं खरं."

आता त्या कुलपाच्या चार किल्ल्या आहेत. कुणी करून घेतल्या, ते मी विचारलेलं नाही. आमच्या घरात वाद घालत नाहीत ना!