इंजेक्शन बंद केल्यावर

रक्तविकारांच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर, माझ्या मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या. एकीचा सुतार नवरा शेजारी डुलक्या घेत होता; दुसरीचा भाऊ आत सलाईनवर होता.

“ह्यांच्या पांढऱ्या पेशी वाढल्या एकदाच्या! किमोनंतर ढिम्म हलत नव्हत्या.”

“पेशी वाढवायची इंजेक्शनं दिली असतील.”

“दिली तर! पोटाची नुसती चाळण झाली. शेवटी बंद केली, आणि आता बघा, आपल्या आपण वाढतायत. भराभर.”

“इंजेक्शन बंद केल्यावर?”

“हो ना! नेहमीच्या माणसाच्या कितीतरी पट आहेत म्हणे. तुमच्या भावाच्या?”

“त्याच्याही वाढतात, ताई. त्याचा आजारच तो, ब्लड कॅन्सर. नुसत्या वाढतात, कामाच्या नसतात.”

“अगं बाई! प्रत्येकाचं वेगळं असतं, नाही?”

“हो… वेगळं असतं.”

“आज डॉक्टरांनी मुद्दाम बोलावलंय. मुलालाही घेऊन या म्हणाले. औषधं थांबवणार असतील.”

“असतील.”

“वैताग आला होता हो. मास्क काय, वेगळं ताट काय! नातीनं आजोबांना दाराबाहेरूनच टाटा करायचा. आता तिची परीक्षा संपली की राहायलाच बोलावते.”

“परीक्षेचं राहू द्या. आज बोलवा.”

“एवढी काय घाई? आता बरे झालेत की ते.”

“म्हणूनच म्हणते, ताई. आजच बोलवा.”