पाद्रीबाबांची सहा बदकं

स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसला कोर्टाचे जुने कागद ठेवतात, त्या इमारतीसमोर मी बसची वाट बघत होतो. शेजारी साठीतल्या दोघी बहिणी, थोरलीच्या मांडीवर कागदांच्या नकला. कान बंद करण्याइतका मी सभ्य नाही.

"एल्स्पेथताई, नाव सापडलं ना? मग तोंड का पाडलंयस?"

"सापडलं. डूगल मन्रो. आजीनं कोर्टात सांगितलं, माझ्या मुलीचा बाप हाच."

"मग झालं की! आई नव्वदीची झाली, अजून बापाचं नाव विचारते."

"पण तो नाही म्हणाला. म्हणे, ही सांगते त्या रविवारी मी हिच्याकडे नव्हतोच, पाद्रीबाबांची बदकं चोरत होतो."

"अगं बाई! रविवारी? देवाच्या वारी आपल्याकडे धुणंसुद्धा वाळत घालत नाहीत!"

"शपथेवर बोलला. सहा बदकं. वर म्हणाला, खुशाल तुरुंगात टाका."

"म्हणजे आपल्या आईचा बाप होण्यापेक्षा मेल्याला तुरुंग बरा वाटला!"

"ऐक तर. मग पाद्रीबाबांनाच साक्षीला बोलावलं. ते म्हणाले, माझं एकही बदक कमी झालेलं नाही."

"आणि?"

"आणि काय, कोर्टानं ठरवलं, बाप हाच. आता आई खिडकीत बसली असेल. तिला काय सांगू, म्यूरिएल?"

बस आली. धाकटीनं कागद पिशवीत कोंबले.

"सांगू, तुझा बाप सज्जन माणूस होता. त्याच्यावर चोरीचा आळ आला, तेव्हा खुद्द पाद्रीबाबा कोर्टात उभे राहिले आणि म्हणाले, यानं माझ्या एकाही बदकाला हात लावलेला नाही."